जीपचा ॲक्सल रेशो बदलला, आता स्पीडोमीटरचं काय? (प्रकल्प नोंदी)

५ ऑक्टोबर, रविवार

ॲक्सलचं काम एकदाचं संपलं. गाडी म्हणजे महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटवाली. मुळात हिच्यात हरिकेन पेट्रोल इंजिन होतं, बॉनेट उंच आहे ते त्याच्यामुळेच, कारण त्या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे उंची वाढलेली. आधीच्या मालकाने ते काढून पुजोचं २,११२ सीसी डिझेल बसवलं, तसं त्या काळात बऱ्याच जणांनी केलेलं आहे. पण ॲक्सल ठेवले मूळचेच, ५.३८ चे, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलला फिरवणारा लांब दांडा) ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा, कारण त्याच्या टोकाच्या पिनियनला ८ दात आणि ॲक्सलमधल्या क्राउनला ४३. हा रेशो शेतात आणि चिखलात मस्त, हायवेला मात्र जीव काढतो. टॉपमध्ये ६० ला इंजिन २,४४० आरपीएमच्या आसपास फिरतं आणि ते डिझेल त्या स्पीडला असं काही खडखडतं की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं.

आता ४.२७ चे क्राउन-पिनियन टाकलेत, ११ आणि ४७ दातांचे, पुढे मागे दोन्हीकडे. दोन्हीकडे का विचारणारे बरेच भेटले म्हणून लिहून ठेवतो, फोर बाय फोर टाकल्यावर पुढचं आणि मागचं चाक ट्रान्सफर केसमधून (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) एकमेकांना बांधलेलं असतं, रेशो वेगळे असले तर चाकं एकमेकांशी भांडणार आणि काहीतरी तुटणार. शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) जुळवणं, टूथ पॅटर्न (दात एकमेकांना कुठे टेकतात ते) बघणं हे सगळं मामूंनी, म्हणजे आमच्या मेकॅनिकने केलं, त्यात मी फक्त चहा आणला.

गाडी आता ६० ला १,९४० वर चालते. सुख आहे. फक्त स्पीडोमीटर खोटं बोलायला लागलाय, आणि आता पुढचे रविवार त्यातच जाणार असं दिसतंय.

१२ ऑक्टोबर, रविवार

कागदावरचा हिशोब सोपा आहे. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुट शाफ्टवरून फिरते, हँडब्रेकचा ड्रम आहे तिथेच जवळ. म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच्या फेऱ्या ती मोजते, चाकाच्या नाही. चाक तेवढंच फिरतंय पण प्रॉपेलर आता कमी फिरतोय, ५.३७५ च्या जागी ४.२७३. भागाकार केला की ०.७९५. म्हणजे मीटर साडेवीस टक्के कमी दाखवणार, खरे ६० असताना ४७-४८.

आज सकाळी लवकर सातारा रोडला, म्हणजे हायवेला नेली. पुतण्या फोनवर जीपीएस घेऊन शेजारी. जीपीएसचा आकडा थोडा मागून येतो, त्यामुळे स्पीड बराच वेळ एकसारखा धरून मगच वाचायचं, असं त्याला बजावून ठेवलं होतं.

खरे ६०, काटा ४३ आणि ४४ च्या मधे. परत केलं, तेच. मग १० किलोमीटरचं अंतर धरून मीटरमधले खालचे किलोमीटरचे आकडे बघितले, तर ते ७.६ ने वाढलेले.

आता गंमत बघा. हिशोब म्हणतो २० टक्के कमी. किलोमीटरचे आकडे म्हणतात २४ टक्के कमी. काटा म्हणतो २७ टक्के कमी. एकाच मीटरमध्ये, एकाच केबलवर. मामूंचं मत होतं की "अरे इतना चलता है, जुनी गाडी है". पण मला ते पटत नाहीये, तीन आकडे वेगळे येतायत म्हणजे तीन वेगळी कारणं आहेत आणि ॲक्सल हे त्यातलं फक्त एक.

(किलोमीटरच्या दगडांवर मोजायचं असेल तर एक सांगतो, एका किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. रस्ता रुंद केला, वळण सरळ केलं, बायपास काढला, की दोन दगडांमधलं अंतर बरोबर हजार मीटर राहतंच असं नाही. दहाबारा किलोमीटर सलग घ्या आणि जीपीएसशी ताडून बघा. आणि बोगदा असलेला भाग सोडा, आत जीपीएस जातं.)

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची साफसफाई सोडून जीपखाली, घरात त्यावरून जे ऐकायचं ते ऐकून घेतलं.

आज मीटर खाली काढला. हा मूळ जीपचा नाहीच. आधीच्या मालकाने नाना पेठेतून कुठला तरी आणून बसवलेला, भोकात बसला म्हणून बसवला. डायलवर खाली बारीक अक्षरात ६३७ लिहिलंय. हा आकडा ओळखीचा आहे, हे जपानी स्टँडर्ड, किलोमीटरला केबलच्या ६३७ फेऱ्या. म्हणजे केबल मिनिटाला ६३७ फिरली की काटा ६० वर पाहिजे, कारण ६० चा स्पीड म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. अमेरिकन मीटरचं वेगळं असतं, मैलाला १,००० फेऱ्या, म्हणजे किलोमीटरला ६२१. मूळची जीप अमेरिकन घराण्यातली, तिच्यात जपानी हिशोबाचा मीटर, म्हणजे गडबड तिथूनच सुरू.

खात्री म्हणून केबलचा तुकडा लावून हाताने फिरवून बघितला. किलोमीटरचा दशांशाचा आकडा एक घर सरकायला ६४ फेऱ्यांच्या आत-बाहेर लागतात. बरोबर आहे, डायल बदललेली नाही.

मीटरच्या आत काय असतं ते थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. केबल आत येऊन एक लोहचुंबक फिरवते. त्या चुंबकावर ॲल्युमिनियमची वाटी असते, चिकटलेली नसते, मधे हवा. चुंबक फिरला की वाटीत करंट तयार होतात आणि ती मागोमाग ओढली जाते, पण तिला एक केसासारखी बारीक स्प्रिंग धरून ठेवते. जेवढा स्पीड जास्त तेवढी ओढ जास्त, तेवढी वाटी वळते, आणि काटा त्या वाटीलाच लावलेला. किलोमीटरचे आकडे मात्र या भानगडीत नसतात, ते सरळ वर्म गिअरने चालतात. चुंबक म्हातारा झाला, स्प्रिंगची ताकद बदलली, तर काटा चुकतो, आकडे चुकत नाहीत. आकडे चुकतात ते फक्त केबलच्या फेऱ्याच चुकीच्या येत असतील तर.

म्हणून मीटरवाल्याकडे जाऊन नुसता काटा जुळवून आणणं हा अर्धा इलाज आहे, बरेच जण तेच करतात. काटा ६० ला ६० दाखवतो, पण सर्व्हिसचे किलोमीटर आणि ॲव्हरेज दोन्ही खोटे. दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं ठरवलं तर खरे तेरा हजार होऊन गेलेले असतील.

२६ ऑक्टोबर, रविवार

आजचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच बहुतेक जण गाळतात. गाडी ढकलून केबलच्या फेऱ्या मोजणं.

ॲक्सलच्या रेशोवरून गुणाकार भागाकार करत बसायची गरजच नाही, कारण त्यात गृहीत धरावं लागतं की आधी मीटर बरोबर होता. इथे तो नव्हता. तेव्हा जमिनीवरचं अंतर आणि केबलच्या फेऱ्या एवढंच बघायचं, मधे कोणता गिअर किती दातांचा आहे ते गेलं खड्ड्यात.

पद्धत अशी. मागच्या टायरमध्ये नेहमीची हवा, माझी ३० पीएसआय, टायर ६.००-१६ चे. ड्रायव्हर सीटवर माणूस बसलेला हवा कारण वजनाने टायर दबतो आणि परीघ बदलतो. गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर टू-हायमध्ये (फक्त मागची चाकं जोडलेली). केबल मीटरच्या बाजूने सोडायची, आतल्या वायरच्या चौकोनी टोकाला पुठ्ठ्याचा बाण चिकटवायचा. टायरवर खाली जिथे टेकलाय तिथे खडूची रेघ, तशीच जमिनीवर. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये सरळ रेषेत ढकलायची, चाकाच्या २० फेऱ्या होईपर्यंत. एक जण चाक मोजतो, एक जण बाण. मागे-पुढे करायचं नाही, ब्रेक मारून घसरवायची नाही. जॅकवर चाकं उचलून हे करू नका, डिफरन्शिअलमुळे एक चाक जास्त एक कमी फिरतं आणि वजन नसल्याने टायरचा परीघही खोटा येतो.

वॉचमनकाका आधी म्हणले गाडी बंद पडली का, मग ते पण ढकलायला आले.

२० फेऱ्यांना अंतर ४४.०६ मीटर. केबल २१ पूर्ण आणि वर अर्ध्याला थोडी कमी, म्हणजे २१.४. परत उलट दिशेने ढकलून बघितलं, तेवढंच. भागाकार केला की किलोमीटरला ४८५.७ फेऱ्या.

मीटरला हव्यात ६३७. म्हणजे केबल १.३११ पट फिरवायला पाहिजे.

आता ते तीन आकडे सुटले. ४८५.७ भागिले ६३७ म्हणजे ०.७६२, दहा किलोमीटरला ७.६, रस्त्यावर अगदी तेच आलं होतं. ॲक्सल बदलायच्या आधीचं काढलं तर किलोमीटरला ६११ फेऱ्या येत होत्या, म्हणजे तेव्हाही मीटर ४ टक्के कमीच मोजत होता, इतकी वर्षं. चार टक्के कोणाच्या लक्षात येणार. आणि काट्याचे वरचे तीन टक्के म्हणजे चुंबक थकलाय.

नुसत्या रेशोवर विसंबून ५.३७५ भागिले ४.२७३ असं करून १.२५ चा रेशो बॉक्स, म्हणजे केबलच्या मधे बसणारी छोटी गिअरबॉक्स, बसवला असता (तयार मिळण्यातला तोच जवळचा) तर आकडे जवळपास ५ टक्के कमी राहिले असते आणि काट्यात त्याहून जास्त. खरे ८० असताना काटा बहात्तर-त्र्याहत्तर दाखवणार, आणि तुम्ही खुशीत की आपण स्पीडो कॅलिब्रेट केलाय. चलान मात्र खऱ्या स्पीडचं येतं.

२ नोव्हेंबर, रविवार

पर्याय बघितले. ट्रान्सफर केसमधला केबलचा गिअर बदलणं हा सगळ्यात स्वच्छ उपाय, पण शाफ्टवरचा वर्म आणि हा गिअर यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं, एकदोन दात कमी जास्त चालतात, मला हवाय ३१ टक्के फरक. होत नाही. जीपीएसवर चालणारे इलेक्ट्रॉनिक मीटर मिळतात, पण या डॅशबोर्डवर निळा उजेड नको, हा माझा हट्ट आहे आणि त्याला कारण नाही.

राहिला तो रेशो बॉक्स. तयार १.३१ ची मिळाली नाही. तर बनवून घ्यायची. २१ दातांचा गिअर आत येणाऱ्या केबलला, १६ दातांचा बाहेर जाणाऱ्याला, १.३१२५. याहून जवळ काय पाहिजे.

८ नोव्हेंबर, शनिवार

भोसरीत लेथवाल्या काकांकडे. कागदावर चित्र काढून नेलं होतं, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एक मिनिट बघितलं आणि पहिला प्रश्न, "दोनच गिअर लावले तर केबल उलटी फिरंल की. काटा शून्याच्या मागं जाऊन बसंल. त्याचं काय?"

हा मुद्दा ते आपणहून बोलले म्हणून जास्त भारी वाटलं. दोन गिअर एकमेकांना लागले की फिरण्याची दिशा उलटते. उपाय म्हणजे मधे तिसरा गिअर, तो कितीही दातांचा असला तरी रेशो बदलत नाही, फक्त दिशा सरळ करतो. काकांनी अजून एक सुचवलं, दोन्ही केबलची तोंडं बॉक्सच्या एकाच बाजूला घ्या, मग तिसरा लागतच नाही. मला आधी कळेना, मग हातात दोन पेन्सिली धरून फिरवून बघितल्या तर खरंच, केबल परत फिरून आली की दिशा आपोआप सरळ होते. पण मग केबलला पूर्ण यू-टर्न घ्यावा लागतो आणि केबलचा बाक साधारण १५० मिमीपेक्षा आवळलेला नको, नाहीतर काटा थरथरतो, वायर आतून झिजते. जीपच्या फायरवॉलपाशी (इंजिन आणि सीटच्या मधला पत्रा) एवढी जागा नाही. तिसरा गिअरच घेऊ.

ठरलं ते असं, मॉड्यूल (दातांचा आकार) ०.८, २१ आणि १६ चे पितळी, मधला १८ चा डेल्रिनचा (कडक प्लॅस्टिक) म्हणजे आवाज कमी. सोळा दातांत थोडा अंडरकट येतो (दात बुडाशी बारीक होतो) पण इथे भार तो किती, मीटर फिरवायचा, गाडी नाही ओढायची. शाफ्टना गनमेटलचे बुश, बॉडी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून. केबलच्या चौकोनी टोकाची भोकं, साधारण २.६ मिमी, हीच सगळ्यात किचकट गोष्ट निघाली, गोल भोक कोणीही पाडेल, चौकोनी बारीक भोकाला त्यांनी छोटा ब्रोच (भोकाला आकार देणारं हत्यार) घासून तयार केला. पैशाचं विचारलं तर म्हणले आधी फिरू दे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तोवर मीटर जुळवून घेतला. मीटर रिपेअरवाल्या दादांचं टेबल म्हणजे एक बारकी मोटर, तिचा स्पीड कमी जास्त करायचं बटण, आणि आरपीएम दाखवणारा आकडा. घरी करायचं तर स्पीड बदलणारी ड्रिल आणि लाइटवाला टॅकोमीटर एवढ्यावर पण होतं, फक्त ड्रिल कोणत्या दिशेने फिरवायची ते आधी गाडीच्या केबलवर बघून ठेवा.

६३७ वर काटा ५७. अपेक्षेप्रमाणे. ३१९ वर २८ आणि थोडा वर. सगळीकडे सारख्या प्रमाणात कमी, म्हणजे स्प्रिंग अडकलेली नाही, वाटी घासत नाही, चुंबकच कमजोर. वर-खाली वेगवेगळी चूक आली असती तर प्रकरण वेगळं होतं.

त्यांनी चुंबक परत भारला. एकदम जास्त भारतात, काटा ६६-६७ ला जातो, मग उलट दिशेने थोडं थोडं उतरवत आणतात. कुठे थांबायचं यावर आमची चर्चा झाली. दादा बरोबर ६० म्हणत होते. मी ६१-६२ वर ठेवा म्हटलं. कारण युरोपातला आर-३९ नियम वाचलेला होता, त्यात काट्याने खऱ्या स्पीडपेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवलं तर दहा टक्के अधिक ४ किमी पर्यंत चालतं, म्हणजे खऱ्या ६० ला ७० पर्यंत. नवीन गाड्या थोडा जास्त स्पीड दाखवतात त्याचं कारण हेच. उद्या मी नवे टायर टाकले की परीघ थोडा वाढणार आणि मीटर थोडा कमी दाखवणार, त्याला जागा ठेवलेली बरी. किलोमीटरचे आकडे मात्र गिअरवर आहेत, ते जसे आहेत तसे बरोबर येऊ देत.

शेवटी ६३७ ला ६१ आणि ६२ च्या मधे ठेवला. काच बंद करताना नवीन रबर टाकलं, पाणी जात होतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बॉक्स तयार. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, हातात फिरवला की लोण्यासारखा. एका बाजूचा शाफ्ट १६ वेळा फिरवला की दुसरा २१ वेळा आणि त्याच दिशेने, तिथेच दुकानात मोजून घेतलं. काकांनी आता पैसे सांगितले, मी अंदाज केलेला त्याच्या निम्मे. जास्त द्यायला गेलो तर नाही म्हणले, "अजून एक डिझाइन आणा."

२३ नोव्हेंबर, रविवार

बसवला. केबल दोन भागात करावी लागली, ट्रान्सफर केसपासून बॉक्सपर्यंत लांब आणि बॉक्सपासून मीटरपर्यंत आखूड. बॉक्स केबलवर लोंबकळत ठेवायचा नाही, फायरवॉलला आतून पट्टी मारून पक्का केला. ट्रान्सफर केसजवळ बसवला असता तर एकच केबल पुरली असती, पण तिथे पावसाळ्यात चिखल आणि वर सीलमधून गळणारं ऑइल, ड्रम आधीच त्यात न्हाऊन निघतोय.

केबलला ग्राफाइट ग्रीस, पण फक्त खालच्या दोन तृतीयांश भागाला. वरच्या टोकाला लावलं तर ते फिरत फिरत मीटरमध्ये चढतं आणि वाटीला लागलं की काटा वाट्टेल ते दाखवतो.

रस्त्यावर: खरे ४०, काटा ४१. खरे ६०, काटा ६१ च्या थोडा वर. खरे ८०, काटा ८२. किलोमीटरचे आकडे ५० किलोमीटरला ४९.९, तेवढा फरक तर वाचण्यातच जातो. फोर-लो (चारही चाकं जोडून हळू गिअर) टाकून शेतातल्या रस्त्याला पण बघितलं, मीटरला काही फरक पडत नाही, आणि पडायला पण नको, कारण केबल लो गिअरच्या नंतर आउटपुटवरून घेतलेली आहे. हे विचारणारे पण भेटतात.

मामूंनी एक चक्कर मारली, आल्यावर म्हणले पहिले ज्यादा भागती थी. भागत नव्हती मामू, ओरडत होती.

३० नोव्हेंबर, रविवार

सर्व्हिस वहीत नवीन पान. मीटरवरचे जुने किलोमीटर तसेच ठेवले, मागे फिरवले वगैरे नाहीत, फक्त या आकड्याच्या आधीचे ४ टक्के कमी आणि ॲक्सल बदलल्यापासून बॉक्स बसेपर्यंतचे २४ टक्के कमी असं लिहून ठेवलं. मीटरच्या मागे पण एक पट्टी चिकटवली: ६.००-१६, ३० पीएसआय, केबल ४८५.७, बॉक्स २१/१६, मीटर ६३७. पुढे कोणी टायरचा साइज बदलला तर त्याला परत अंतर आणि फेऱ्या मोजून फक्त बॉक्सचे दोन गिअर बदलायचे आहेत, काकांनी झाकण चार स्क्रूवर ठेवलंय ते त्यासाठीच.

सकाळी गाडी थंड असताना २० ते ३० मध्ये काटा थोडा हलतो. दहा मिनिटांनी थांबतो. आखूड केबलला अजून जरा बाक कमी पाहिजे असं वाटतंय, क्लिप इंचभर खाली घेऊन बघतो. आणि ट्रान्सफर केसचं मागचं सील मागवलंय, हँडब्रेक धरत नाहीये.